ल्युटेशियमचा डोस सगळ्यांना २०० मिलीक्युरीच का? स्कॅन बघून ठरवावा की नाही?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मुद्दा सरळ आहे. ल्युटेशियम-१७७ पीएसएमए हे प्रोस्टेट कॅन्सरचं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात, ते कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथे बसून रेडिएशन सोडतं. डोस किती? ७.४ गिगाबेकेरेल म्हणजे २०० मिलीक्युरी (ही किरणोत्साराची मापं), दर सहा आठवड्यांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. माणूस ५० किलोचा असो की ९५ चा, अंगात गाठी चार असोत की हाडाहाडात पसरलेलं असो, किडनी ठणठणीत असो की शुगरने अर्धी गेलेली असो, डोस तोच. माझं म्हणणं आहे की हे चुकीचं आहे, कारण प्रत्येकाचा डोस वेगळा ठरवायची सोय या औषधात आधीपासूनच आहे.

ल्युटेशियममधून बीटा कण निघतात, ते जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात आणि वाटेतल्या पेशी मारतात. त्याच्या जोडीने थोडे गॅमा किरणही निघतात, ते अंगाबाहेर येतात आणि गॅमा कॅमेऱ्याला दिसतात. म्हणजे औषध कुठे गेलं, किती गेलं, किती दिवस तिथे टिकलं हे औषध स्वतःच दाखवतं. इमॅटिनिबसारखी कॅन्सरची गोळी गिळल्यावर ती गाठीपर्यंत किती पोचली ते कुणालाच दिसत नाही, इथे ते डोळ्यांनी दिसतंय. दोन-तीन वेळा स्पेक्ट-सीटी (गॅमा कॅमेरा आणि सीटी मिळून होणारा स्कॅन) काढली की प्रत्येक अवयवाला आणि मोठ्या गाठींना किती ग्रे (शोषलेल्या रेडिएशनचं माप) बसले ते काढता येतं, याला डोसिमेट्री म्हणतात.

आता माणसामाणसात फरक किती पडतो बघा. हे आकडे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहेत, २९ पेशंटवर मोजलेले. सहाही डोस मिळून लाळग्रंथींना सरासरी २८ ग्रे, आणि फरक अधिक-उणे १६. किडनीला सरासरी १९, अधिक-उणे ७. म्हणजे तेवढंच औषध टोचून एकाच्या लाळग्रंथींना १२ बसतात आणि दुसऱ्याच्या ४४. हा फरक माहीत असून डोस मात्र सगळ्यांना सारखा.

कुणी म्हणेल मोजून फायदा होतो याला पुरावा काय. फ्रान्समधली डोसिस्फीअर नावाची ट्रायल बघा, २०२१ मध्ये छापून आली. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये यट्रियम-९० चे काचेचे अतिबारीक मणी धमनीतून सोडतात. ६० पेशंटपैकी एका गटाला ठरलेल्या गणिताने, लिव्हरच्या त्या भागाला १२० ग्रेच्या आसपास, आणि दुसऱ्या गटाला आधी स्कॅन करून मुख्य गाठीला निदान २०५ ग्रे बसतील असा हिशोब करून. मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट निदान एवढं जगले) पहिल्या गटात १०.७ महिने, दुसऱ्या गटात २६.६. युरोपात तर २०१३ च्या युरॅटम (युरोपच्या अणुऊर्जा समुदायाच्या) निर्देशाच्या कलम ५६ मध्येच आहे की रेडिएशनचे उपचार माणसागणिक आखायचे आणि दिलेलं नीट पोचलं का ते तपासायचं, त्यात न्यूक्लिअर मेडिसिनही आलं.

माझ्या काकांना हे औषध चालू आहे. पीएसए (रक्तातला प्रोस्टेट कॅन्सरचा आकडा) छान उतरला, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकारच आहेत. पण तोंड इतकं कोरडं पडलंय की भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय घशाखाली जात नाही, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते, रात्री उशाशी तांब्या लागतो. दरवेळी दुसऱ्या दिवशी स्कॅन होतो, सीडी मिळते, रिपोर्टात एवढंच की गाठींमध्ये औषध चांगलं गेलेलं आहे. लाळग्रंथींना किती बसलं विचारलं तर म्हणाले आम्ही ते मोजत नाही. आणि पुढचा डोस परत २००.

बाकीच्यांना काय वाटतं?

सह्यकडा

गोदाकाठ, काकांचा त्रास खरा आहे आणि तोंड कोरडं पडणं हा या औषधाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या त्रासांपैकी एक आहे, मी तो रोज बघतो (मी मेडिकल ऑन्कॉलॉजीत आहे). पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण सांगतो.

२०० मिलीक्युरी हा आकडा असाच हवेतून आलेला नाही. व्हिजन ट्रायलमध्ये ८३१ पेशंट होते, ज्यांना ल्युटेशियम मिळालं त्यांचं मीडियन आयुष्य १५.३ महिने, ज्यांना नाही त्यांचं ११.३. त्यावर मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. हा फायदा ठरलेल्या डोसवर सिद्ध झालाय. तुम्ही लाळग्रंथींकडे बघून चौथा डोस १४० केलात तर त्या १४० वर माणूस तेवढाच जगतो हे कुठल्या ट्रायलने दाखवलंय? डोस कमी केला की गाठीलाही कमीच पोचणार ना, तुमचा कॅमेरा काही लाळग्रंथींचं औषध काढून गाठीत घालत नाही.

दुसरं, हे पेशंट कोण असतात. बहुतेकांची केमो झालेली, हार्मोनची औषधं झालेली. ज्या माणसाच्या पुढ्यात दीड वर्षाचा हिशोब आहे त्याची किडनी पाच वर्षांनी कशी असेल या काळजीपोटी आज औषध कमी करणं मला पटत नाही. आधी माणूस पाच वर्षं जगू दे.

तिसरं म्हणजे डोसिस्फीअर. तिथे मणी थेट लिव्हरच्या धमनीत सोडतात, एका अवयवात, एकदा. आणि पेशंट ६०. त्यावरून अख्ख्या अंगात फिरणाऱ्या औषधाचा निकाल लावायचा? थायरॉइडच्या कॅन्सरचं बघा, तिथे रेडिओआयोडीनचा डोस किती यावर वर्षानुवर्षं वाद होता. शेवटी २०१२ मध्ये हायलो आणि एस्टिमेबल अशा दोन मोठ्या ट्रायल आल्या, एकीत ४३८ पेशंट, दुसरीत ७५२, ३० मिलीक्युरी विरुद्ध १००. ऑपरेशननंतर उरलेलं थायरॉइड जळण्यात फरक नाही. वाद मिटला तो चिठ्ठ्या टाकून दोन गट केल्यामुळे, प्रत्येकाचे ग्रे मोजत बसल्यामुळे नाही.

स्कॅनचा वापर मी नाकारत नाही. औषध कुणाला द्यायचं हे स्कॅनवरच ठरतं. व्हिजनमध्ये १००३ जणांचा पीएसएमए पेट स्कॅन (पीएसएमए अंगात कुठे आहे ते दाखवणारा) झाला, त्यातले ८६९ त्या निकषात बसले, बाकीच्यांना औषध दिलंच नाही. कुणाला द्यायचं हे स्कॅन सांगतो, किती द्यायचं हे ट्रायल सांगते. माझ्या मते ही वाटणी बरोबर आहे.

गोदाकाठ

सर, डोस कमी करा एवढंच मी म्हणत नाहीये. ज्याच्या किडनीला कमी बसतंय त्याला जास्त का देऊ नये? आणि ज्याच्या गाठी दोन डोसांत विझल्या त्याला उरलेले चार द्यायचे कशाला, थांबू की, परत वाढलं तर परत देऊ. ऑस्ट्रेलियातल्या थेरॅपी ट्रायलमध्ये (ही पण चिठ्ठ्या टाकूनच, २०० पेशंट, समोर कॅबाझिटॅक्सेल ही केमो) नेमकं हेच होतं. पहिला डोस ८.५ गिगाबेकेरेल, मग प्रत्येक वेळी अर्धा गिगाबेकेरेल कमी करत ६ पर्यंत, आणि डोसनंतरच्या स्पेक्टमध्ये फारच चांगला रिस्पॉन्स दिसला तर औषध थांबवायचं, वाढलं तर पुन्हा सुरू. पीएसए निम्म्याने उतरला असे ल्युटेशियमच्या बाजूला ६६ टक्के, केमोच्या बाजूला ३७. म्हणजे स्कॅन बघून किती द्यायचं हे ट्रायलच्या आतही करता येतं.

सह्यकडा

थेरॅपी तुम्ही चांगली आठवण करून दिलीत, पण पुढचंही सांगा. दोन्ही गटांचं आयुष्य शेवटी सारखंच भरलं, १९ महिन्यांच्या आसपास. आणि त्या ट्रायलमध्ये थांबवणाऱ्यांची तुलना न थांबवणाऱ्यांशी केलेली नव्हती, तुलना केमोशी होती. त्यामुळे थांबण्याचा निर्णय बरोबर होता की नाही यावर ती ट्रायल काहीच बोलत नाही.

फोटॉन

मी मेडिकल फिजिसिस्ट, हे मोजायचं कामच करतो म्हणून थोडं लांबलचक लिहितोय.

आधी गोदाकाठ यांच्या बाजूने. शरीरात टोचलेलं औषध ठरावीक असतं आणि त्यावर सगळ्यांची ओढाताण चालते. कॅनॉलला आवर्तन सुटलं की वरच्यांनी जास्त उचललं तर टेलला कमी पोचतं ना, तसं. गाठी भरपूर असतील तर त्याच बरंचसं औषध ओढून घेतात आणि किडनी, लाळग्रंथींच्या वाट्याला कमी येतं. पुढे उपचाराने गाठी आटतात, मग तेच २०० मिलीक्युरी दिलं की आता ओढणारं कुणी उरलेलं नसतं आणि किडनी, लाळग्रंथींना जास्त जातं. म्हणजे ज्याला औषध सगळ्यात चांगलं लागू पडलं त्याच्याच निरोगी अवयवांना शेवटच्या डोसांत जास्त मार. काकांचं असंच झालं असेल असं मी न मोजता म्हणणार नाही, पण पीएसए छान उतरलेल्या माणसाचं तोंड नंतरच्या डोसांनी कोरडं पडणं याच्याशी जुळतं. थेरॅपीत डोस उतरता का ठेवला होता ते यावरून कळेल.

आता सह्यकडा सरांच्या बाजूने. मोजणं म्हणजे कॅमेऱ्याखाली झोपवलं आणि आकडा आला असं नसतं. आधी कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो, पाण्याच्या डब्यात माहीत असलेलं ल्युटेशियम घालून त्याचा फोटो काढायचा, तेव्हा कळतं की पडद्यावरचे अमुक इतके काउंट म्हणजे प्रत्यक्षात किती. मग पेशंटचे वेगवेगळ्या दिवसांचे स्कॅन, पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी. ल्युटेशियमचं अर्धआयुष्य ६.६५ दिवस, पण शरीर ते त्याआधीच बाहेर टाकत असतं आणि किती वेगाने टाकतं ते माणसागणिक बदलतं, त्यामुळे एका दिवसाच्या फोटोवरून पूर्ण कहाणी कळत नाही. मग प्रत्येक स्कॅनवर किडनीची कड हाताने आखायची. मी आखली आणि शेजारच्याने आखली तर आकडे थोडे वेगळे येतात. किडनी मोठी असते, तिचा आकडा मी छातीठोकपणे देईन. एक सेंटिमीटरच्या लिम्फ नोडचा नाही देणार, एवढ्या छोट्या गाठीचा उजेड स्पेक्टमध्ये आजूबाजूला पसरतो आणि आकडा कमी दिसतो. लाळग्रंथीही छोट्याच, तिथेही हीच अडचण.

तरी आधीइतकं अवघड राहिलेलं नाही. जर्मनीतल्या लोकांनी २०१८ मध्ये दाखवलं की चौथ्या दिवसाचा, म्हणजे ९६ तासांच्या आसपासचा एकच स्कॅन घेतला तरी बऱ्यापैकी जवळचा आकडा मिळतो. आपल्याकडे स्कॅन सहसा दुसऱ्या दिवशी घेतात, कारण पेशंट तोवर तिथेच असतो. घोडं तिथे अडलंय.

रानजाई

नेमकं त्या चौथ्या दिवसावरच मला बोलायचंय. मी मुंबईत कॅन्सर पेशंटच्या राहण्या-जेवणाचं, कागदपत्रांचं काम बघते. यवतमाळ, परभणी, बुलढाण्याहून माणूस येतो, सोबत मुलगा असतो, मुलाचा रोज बुडतो. औषध घेऊन दुसऱ्या दिवशी स्कॅन करून रात्रीच्या गाडीने परत, असा त्यांचा हिशोब असतो. त्यात तीन दिवस अजून थांबा म्हटलं की राहायचं कुठे? अंगात रेडिएशन असलेल्या माणसाला लॉजवाले ठेवून घेत नाहीत आणि धर्मशाळेच्या हॉलमध्ये लेकरंबाळं असतात, तिथे मी त्यांना पाठवू शकत नाही. हे सहा वेळा करायचं.

गोदाकाठदादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण आपल्याकडे प्रश्न डोस बारीक जुळवण्याचा नाहीये, औषध मिळण्याचाच आहे. ट्रॉम्बेला ध्रुव रिअॅक्टरमध्ये आपलं आपण ल्युटेशियम तयार होतं म्हणून निदान इथल्या लोकांना हे औषध बघायला तरी मिळतंय, नाहीतर विलायती औषधाची किंमत ऐकूनच माणसं परत गेली असती. स्कॅनचे जास्तीचे पैसे योजनेत बसत नाहीत, मेडिक्लेमवाले विचारतात हा दुसरा स्कॅन कशाला. त्याच पैशात एखाद्याची पुढची सायकल, म्हणजे पुढचा डोस, होते.

आणि डोसचा विचार गरिबांच्या बाजूने कसा करायचा ते टाटाने दाखवलंय. तोंड-घशाच्या कॅन्सरला निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन नेहमी २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी देतात, इथे कुणाला परवडतं? टाटाच्या डॉक्टरांनी १५१ पेशंटची ट्रायल केली, गोळ्यांच्या सोबत फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. एक वर्ष जगलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. त्यासाठी प्रत्येकाचा वेगळा डोस काढावा लागला नाही, खास स्कॅन लागला नाही. परभणीच्या छोट्या हॉस्पिटलातही देता येईल असा डोस निघाला. मला असं संशोधन हवंय.

थेंबभर

रानजाईताई, तुमच्या कामाला नमस्कार, पण मला वेगळं वाटतं. मी स्वतः पेशंट आहे, प्रोस्टेटची नाही, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ). आम्हाला ल्युटेशियम डोटाटेट देतात, तेही २०० मिलीक्युरी, चार वेळा. सह्यकडा सर दीड वर्षाच्या हिशोबाचं बोलले, आमच्या आजारात माणसं वर्षानुवर्षं जगतात, तेव्हा किडनी पाच वर्षांनी कशी असेल हा माझ्यासाठी अगदी आजचा प्रश्न आहे. माझं क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) आधीच काठावर आहे. औषधाच्या दिवशी किडनी वाचवायला अमिनो अॅसिडची सलाईन लावतात, त्याने इतकं मळमळतं की बादली घेऊन बसावं लागतं, आणि एवढं सोसून किडनीला शेवटी किती बसलं ते कुणी सांगत नाही. त्या औषधाच्या माहितीपत्रकात चार डोसांचं मिळून किडनीला सरासरी १९.४ ग्रे लिहिलंय, फरक अधिक-उणे ८.७. आणि धोक्याची रेषा म्हणतात ती २३. मग मी रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे मला कळायला नको का? सरासरीने माझी किडनी चालत नाही.

गरिबाला हे परवडणार नाही हे मान्य. पण म्हणून मोजूच नये असं कसं? उलट गरीब माणसाची किडनी गेली तर डायलिसिस त्याला परवडणार आहे का?

सह्यकडा

थेंबभर ताई, तुमच्या आजारात किडनीचा विचार जास्त करावा लागतो हे मला पूर्ण मान्य आहे, मी वर प्रोस्टेटबद्दल बोलत होतो. फक्त त्या २३ ग्रेबद्दल सांगतो. ही रेषा बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनवरून आली आहे, तिथे रोज थोडा थोडा डोस काही मिनिटांत देतात. ल्युटेशियम हळूहळू, दिवसेंदिवस उतरत जाणाऱ्या वेगाने देतं आणि तेवढ्या वेळात पेशी दुरुस्तही होत असतात. त्यामुळे २३ ओलांडलं म्हणजे किडनी गेली असं नाही, आणि ज्यांची किडनी शुगर-बीपीने आधीच थकलेली आहे त्यांना २३ च्या आतही धोका असू शकतो. रेषाच जर पक्की नसेल तर आकडा कळून मी तुम्हाला काय सल्ला देणार? तुमचं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, बीपी या गोष्टींवर मी जास्त भरवसा ठेवेन, आणि त्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

उत्तरवारा

मी स्वीडनमध्ये राहतो, आयटीत आहे, पण माझ्या बायकोच्या आजारामुळे यात खोल शिरावं लागलं. इथे उप्सालाला डोटाटेट बऱ्याच वर्षांपासून मोजून देतात. डोस दरवेळी ७.४ च, पण सायकल किती द्यायच्या ते किडनीला किती ग्रे बसले त्यावरून ठरतं. २०० पेशंटचा त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात २३ ग्रेपर्यंत पोचायला कुणाला तीन सायकल पुरल्या तर कुणाला नऊ लागल्या. तीन ते नऊ! सगळ्यांना चारच दिल्या असत्या तर काहींना जास्त झालं असतं आणि बऱ्याच जणांना हक्काचं औषध कमी मिळालं असतं. आणि २३ पर्यंत पोचलेल्यांचं मीडियन आयुष्य ५४ महिने, न पोचलेल्यांचं २५. लुंडला पण इलुमिनेट नावाच्या ट्रायलमध्ये याच पद्धतीने काम झालंय. म्हणजे हे पुस्तकातलं नाही, साध्या सरकारी हॉस्पिटलात होतंय.

सह्यकडा

५४ विरुद्ध २५ हा आकडा मला प्रत्येक चर्चेत ऐकवला जातो आणि दर वेळी मी हेच सांगतो. २३ ग्रेपर्यंत पोचायचं तर आधी तेवढ्या सायकल घ्यायला जिवंत आणि धडधाकट राहावं लागतं. ज्यांचा आजार मध्येच वाढला, रक्तातल्या पेशी घसरल्या किंवा जे दगावले ते आपोआपच न पोचलेल्या गटात जाऊन पडतात. ते जास्त औषध मिळाल्यामुळे जगले की जगले म्हणून जास्त औषध मिळालं हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. तीन ते नऊ हा भाग मात्र महत्त्वाचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माणसामाणसात फरक आहे हे मी कधीच नाकारलं नाही. त्या फरकाप्रमाणे वागल्याने पेशंटचं भलं होतं हे दाखवा एवढंच मागतोय.

कोरांटी

सगळे ल्युटेशियमवरच अडकलेत म्हणून थोडं बाहेरचं लिहिते. स्कॅन बघून डोस ठरवणं साध्या औषधांतही झालंय, फक्त ते एकेका पेशंटच्या पातळीवर नसून ट्रायलमध्ये, सगळ्यांचा डोस शोधताना झालंय, आणि मला तीच योग्य जागा वाटते.

स्तनाच्या कॅन्सरचं फुलवेस्ट्रंट इंजेक्शन घ्या. २००२ मध्ये २५० मिलिग्रॅमचं आलं, तोच डोस वर्षानुवर्षं चालला. मग एफईएस नावाचा ट्रेसर (स्कॅनमध्ये उजळणारा किरणोत्सारी पदार्थ) वापरून पेट स्कॅन काढलं, तो ट्रेसर इस्ट्रोजेन रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या ज्या जागी इस्ट्रोजेन हार्मोन चिकटतं तिथे, जाऊन बसतो. औषधाने रिसेप्टर पूर्ण अडवले असतील तर ट्रेसरला जागा मिळत नाही आणि गाठ विझलेली दिसते. २५० वर कितीतरी गाठी तशाच उजळ दिसत होत्या, म्हणजे औषध पुरतं पोचतच नव्हतं. तिकडे ट्रायलमध्येही ५०० चांगलं ठरलं आणि २०१० मध्ये डोस ५०० झाला. पुढे नेदरलँड्समध्ये ५०० वरही पेट काढून बघितलं तर १६ पैकी ६ बायकांमध्ये रिसेप्टर पूर्ण अडवलेले नव्हते, आणि त्यांचा आजार लवकर वाढला. प्रोस्टेटच्या एन्झालुटामाइडच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्येही २२ जणांचं असंच पेट झालं, ६० पासून ४८० मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसवर. शेवटी बाजारात १६० आलं.

जुनी पद्धत अशी होती की पेशंटला सहन होईल तोवर डोस वाढवत जायचा आणि त्याच्या एक पायरी खाली थांबायचं. केमोला ते ठीक होतं. गोळी एका ठरावीक रिसेप्टरवर बसत असेल तर सगळे रिसेप्टर भरल्यावर आणखी डोस वाढवून फक्त जुलाब आणि पुरळ वाढतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ पासून प्रोजेक्ट ऑप्टिमस म्हणून कंपन्यांच्या मागे हाच धोशा लावलाय की नीट डोस शोधून मग या. पेटचा खर्च तिथे कंपनीने करावा, १५-२० पेशंटवर बघावं, आणि जो डोस निघेल तो सगळ्यांना द्यावा. मग रानजाईताईंच्या पेशंटला परत परत मुंबईत थांबावं लागणार नाही.

रानजाई

हे पटलं. असं असेल तर माझा काही विरोध नाही.

गोदाकाठ

मला नाही पटलं कोरांटी. तुम्हीच लिहिलंय १६ पैकी ६ बायकांना ५०० पण पुरलं नाही. त्या ६ जणींचं काय करायचं? वीस पेशंटवर बघून काढलेला डोस परत सरासरीचाच झाला, आधीपेक्षा शहाणी सरासरी एवढंच. आणि गोळीच्या बाबतीत मी गप्प बसेन कारण तिथे प्रत्येकीचं वेगळं पेट काढायचं म्हणजे मोठा खर्च आहे. पण ल्युटेशियममध्ये फोटो तर आपण काढतोच आहोत! मशीन आहे, औषध अंगात आहे, पेशंट टेबलावर झोपलेला आहे, फक्त दिवस चुकतोय आणि पुढचं गणित कुणी करत नाही.

सर, तुम्ही पुरावा मागता, तो मागायलाच हवा. पण मोजलंच नाही तर पुरावा येणार कुठून? आपल्याकडे हे औषध एफडीएच्या मान्यतेच्या आधीपासून दिलं जातंय, इतक्या पेशंटना दिलंय. त्या सगळ्यांच्या किडनीला, लाळग्रंथींना किती बसलं आणि नंतर त्यांचं काय झालं याची नोंद नीट ठेवली असती तर तुमची ही रेषा २३ ची की ३० ची हे आज आपण जगाला सांगितलं असतं. दर वेळी युरोपचा अभ्यास येईपर्यंत थांबायचं आणि मग म्हणायचं तो आपल्या लोकांना लागू नाही.

सह्यकडा

मोजून नोंद ठेवायला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. मोठ्या सेंटर्सनी रजिस्ट्री करावी, एका गटाला ठरलेला डोस आणि दुसऱ्याला मोजून, अशी सरळ ट्रायल करावी, मी माझे पेशंट पाठवीन. विरोध आहे तो आजच्या आज एखाद्या आकड्यावरून चालू उपचारात हात घालायला. पीएसए उतरतोय, माणूस चालतोय फिरतोय, अशा वेळी एका सेंटरच्या एका स्कॅनवरून डोस कापला आणि आजार उसळला तर त्या घरच्यांना मी काय सांगू?

गोदाकाठ

आणि तोंड कायमचं सुकलं तर काय सांगाल?

सह्यकडा

ते मी आजही सांगतो, आधीच बसवून सांगतो, आणि पेशंट म्हणाला मला नको तर थांबतो. काकांना खरंच जेवण जात नसेल, वजन उतरत असेल तर दोन डोसांमधलं अंतर वाढवणं किंवा डोस कमी करणं हे माहितीपत्रकातच दिलेलं आहे, त्यासाठी ग्रे लागत नाहीत, काकांना विचारणं पुरतं. तुमच्या डॉक्टरांशी त्या भाषेत बोला. तोंडाच्या त्रासाला ग्रेड असते, ती लिहून घ्यायला लावा.

थेंबभर

फोटॉन दादा, एक विचारायचं होतं. माझी पुढची सायकल पुण्यात आहे. चौथ्या दिवशी तिथे थांबणं जमत नाही पण माझ्या गावाजवळ एका खाजगी सेंटरला गॅमा कॅमेरा आहे. तिथे चौथ्या दिवशीचा स्कॅन काढून पुण्याला पाठवला तर किडनीचा आकडा काढता येईल का?

फोटॉन

येऊ शकतो पण चार गोष्टी आधी विचारा. कॅमेरा नुसता गॅमा आहे की स्पेक्ट-सीटी, सीटी नसेल तर किडनीची कड नीट आखता येत नाही. त्यांच्याकडे मीडियम एनर्जी कॉलिमेटर (कॅमेऱ्यापुढे लावायची शिशाची जाळी) आहे का, ल्युटेशियमला तोच लागतो, बऱ्याच छोट्या सेंटरला फक्त हाडांच्या स्कॅनचा असतो. त्या कॅमेऱ्याचं ल्युटेशियमसाठी कॅलिब्रेशन झालंय का, नसेल तर चित्र येईल पण ग्रे निघणार नाहीत. आणि औषध किती वाजता टोचलं, सिरिंजमध्ये आधी किती होतं, टोचल्यावर किती उरलं हे पुण्याहून लिहून घ्या, वेळेसकट. स्कॅनची नुसती सीडी नको, त्यांना मूळ डायकॉम फाइल मागा, त्यात प्रिंटसाठी बदललेली चित्रं नकोत. कॅलिब्रेशन नसेल तर पुण्याच्या फिजिसिस्टला त्या सेंटरशी बोलायला सांगा, फँटम (मी वर म्हटलेला पाण्याचा डबा) नेऊन एका दिवसात होतं, पण ल्युटेशियम हाताळायची परवानगी त्या सेंटरला आहे का हे आधी बघावं लागेल.

सह्यकडा

आणि आकडा आला तर इथेही लिहा, क्रिएटिनिनसोबत. २३ च्या वर निघाला तरी त्या एका आकड्यावरून चौथी सायकल सोडू नका, आधी डॉक्टरांकडे जाऊन बसा.

थेंबभर

लिहीन. पण सोडायची की नाही हे ठरवताना तो आकडा मी समोर ठेवणार सर, एवढं आत्ताच सांगते.